खतावणीतला रस

"मामा, इथे फुटबॉलला सगळे जातात, पण मैदानात कोणी जात नाही."

२०२३ साली शिकायला ब्लूमिंग्टनला गेलेल्या माझ्या भाचीनं पहिल्याच महिन्यात मला हे फोनवर सांगितलं. मला वाटलं, पोरगी कोड्यात बोलतेय. मग उलगडा झाला. इंडियाना युनिव्हर्सिटीचा सामना असला की स्टेडियमबाहेरच्या गवतावर सकाळपासून गाड्या लागतात, डिक्क्या उघडतात, शेगड्या पेटतात, गाणी सुरू होतात. सामना सुरू झाला तरी निम्मी मंडळी तिथेच. आत जाऊन बघायचं काय, तर हार. ती तर घरबसल्या कळते.

हे गाव बास्केटबॉलचं. पाच राष्ट्रीय विजेतेपदांची निशाणं त्यांच्या बास्केटबॉलच्या सभागृहात टांगलेली आहेत. फुटबॉलची गोष्ट अशी, की अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघांमध्ये सातशे पराभवांचा टप्पा सगळ्यात आधी गाठला तो इंडियानानं. एका मोसमात नऊपेक्षा जास्त सामने त्यांनी कधीच जिंकले नव्हते. नऊसुद्धा दोनदाच, १९४५ आणि १९६७ साली. २०२३ मध्ये तीन जिंकले, नऊ हरले. प्रशिक्षक टॉम ॲलन यांना निरोप मिळाला आणि चारच दिवसांत कर्ट सिग्नेटी आले. वय ६२.

२०२४चा त्यांचा पहिला मोसम मी पुण्यात बसून, रात्री-अपरात्री, घरच्यांची बोलणी खात जवळजवळ सगळा पाहिला. काही सामने दोनदा पाहिले. पुढच्या मोसमात हाच संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं मन मात्र आदल्या वर्षात अडकलंय. तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्या वर्षाला परीकथा म्हटलं, चमत्कार म्हटलं. मला हे पटत नाही. चमत्कारात अद्भुत रस असतो. डोळे विस्फारतात आणि प्रश्न विचारायचं राहून जातं. या मोसमात मला लागलेली गोडी निराळी आहे. एखाद्या जुन्या पेढीवरची खतावणी उघडावी आणि जमाखर्च पानामागून पान जुळत गेलेला दिसावा, तशी. अक्षर मोत्यासारखं नाही, पण खाडाखोड नाही.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. तीन प्रयत्न वाया गेले की चौथ्याला सहसा जुगार खेळत नाहीत. चेंडू लाथेनं दूर उडवून देतात, म्हणजे समोरच्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. त्याला पंट म्हणतात. चेंडू शेवटच्या पट्टीत पोहोचला की टचडाउन, सहा गुण आणि वर एकदोन कमवायची संधी. खांबांमधून लाथेनं मारला तर फील्ड गोल, तीन गुण. प्रत्येक खेळी पाच-सहा सेकंदांची आणि दोन खेळींच्या मध्ये अर्ध्या मिनिटाची शांतता. नवख्या माणसाला ही शांतता कंटाळवाणी वाटते. मलाही वाटायची. नंतर कळलं की खेळ खरा तिथेच असतो, ते सहा सेकंद म्हणजे त्याची पावती.

सिग्नेटींच्या पहिल्या दिवसांतलं एक वाक्य खूप गाजलं. खेळाडूंना तुमच्याकडे कसं वळवता, असं पत्रकार परिषदेत विचारल्यावर ते म्हणाले, "मी जिंकतो. गूगल करून बघा." वाक्य उद्धट आहे, पण नुसता उद्धटपणा म्हणून वाचलं तर त्यातली मजा हातची जाते. बढाई मारणारा माणूस भविष्यकाळात बोलतो: असं करीन, तसं करून दाखवीन. इथे वर्तमानकाळ आहे, आणि लगेच पुराव्याकडे बोट. वही उघडा, नोंद तपासा. पुढे वर्षभर हा माणूस मैदानाच्या कडेला आंबट चेहऱ्यानं उभा राहिला. संघ चाळीस गुणांनी पुढे असतानाही त्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. त्या चेहऱ्याची चित्रं करून लोक हसले. मला तो चेहरा दिवाळीच्या दिवशीही रोकड मोजून झाल्याशिवाय फराळाला न बसणाऱ्या मुनीमजींचा वाटतो.

मग मी खरंच गूगल केलं. वडील फ्रँक सिग्नेटी हेही प्रशिक्षक, कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये बसलेले. मुलानं कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. त्यातली चार, २००७ ते २०१०, अलाबामाच्या संघात नामवंत प्रशिक्षक निक सेबन यांच्याकडे. यशाच्या इतक्या जवळची ती खुर्ची सोडून २०११ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते कमी पगारावर दुसऱ्या श्रेणीतल्या एका छोट्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. हा संघ वडिलांचाच जुना, पेनसिल्व्हेनियातला. ते गाव आणि तिथलं विद्यापीठ, दोघांच्याही नावात 'इंडियाना' आहे. म्हणजे एका इंडियानातून निघून, मध्ये एलॉन आणि जेम्स मॅडिसन हे दोन मुक्काम करून, तेरा वर्षांनी गृहस्थ दुसऱ्या इंडियानात पोहोचले. कादंबरीकारानं असं यमक जुळवलं असतं तर संपादकानं खोडलं असतं. मुख्य प्रशिक्षक म्हणून या सगळ्या वर्षांत एकही मोसम तोट्यात गेलेला नाही. वही स्वच्छ.

मोसमाआधी पत्रकारांनी बिग टेन या त्यांच्या गटातल्या अठरा संघांचा अंदाजे क्रम लावला. इंडियाना सतरावा.

आता त्यांनी संघ कसा बांधला ते बघू, कारण रसिकांनी नाकं मुरडली ती याच जागी. सिग्नेटी येताना जेम्स मॅडिसनहून दहाबारा खेळाडू घेऊन आले. शिवाय आक्रमणाचे सूत्रधार माइक शॅनाहन आणि बचावाचे ब्रायंट हेन्स हेही तिथलेच. कॉलेजच्या खेळाडूला आता जवळजवळ मोकळेपणी संघ बदलता येतो आणि २०२१पासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात; त्यामुळे 'आपला' संघ म्हणजे काय, असा प्रश्न तिकडच्या जुन्या चाहत्यांना पडतो. आपल्याला तो पडायचं कारण नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, तेव्हा प्रेक्षकांनी हळहळत का होईना नव्या कंपनीची तिकिटं काढलीच. मंडळी म्हणजे काय इमारत? एकमेकांचा ठेका ठाऊक असलेली माणसं म्हणजे मंडळी. दुसऱ्यानं श्वास कुठे घेतला की आपण कुठे उचलायचं, हे ज्यांना सांगावं लागत नाही, ती.

खेळाडू निवडताना सिग्नेटींचा एक दंडक होता: अंगात काय दडलंय यापेक्षा आजवर करून काय दाखवलंय ते मोठं. उंची, वजन, धावण्याचा वेग यांवर भाळणाऱ्या त्या दुनियेत हा दंडक जरा रुक्षच. पण त्यातून आलेली माणसं बघा. इलायजा सॅरट हा चेंडू झेलणारा गडी सेंट फ्रान्सिस नावाच्या छोट्या कॉलेजात सुरू झाला, मग जेम्स मॅडिसन, मग इथे. एडन फिशर हा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहणारा, मिकेल कमारा हा कडेवरून घुसणारा, आणि डी'अँजेलो पाँड्स. पाँड्स हा कॉर्नरबॅक, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याचा राखणदार, उंची पाच फूट नऊ इंच. या खेळात ही उंची म्हणजे बसच्या रांगेत कोणी मागे ढकलावं अशी. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळी चालवणारा आणि फेकणारा, कर्टिस रूर्क हा कॅनडाचा, ओहायो युनिव्हर्सिटीतून आलेला. बलाढ्य ओहायो स्टेट नव्हे. त्याच राज्यातलं दुसरं, लहान ओहायो. सगळेच धाकट्या घरातले.

या संघाची एक खेळी मी इतक्यांदा पाहिली आहे की डोळे मिटले तरी दिसते. रूर्कच्या हातात चेंडू येतो. बाजूचा रनिंग बॅक झेपावतो, रूर्क चेंडू त्याच्या पोटाशी लावतो, पण सोडत नाही. क्षणभर चेंडू दोघांचा असतो. रूर्कची नजर चेंडूवरही नसते आणि साथीदारावरही नसते. ती असते समोरच्या एका लाइनबॅकरवर, एकाच माणसावर. तो माणूस पाऊल पुढे टाकतो का? टाकलं, तर त्याच्या पाठीमागची जागा रिकामी झाली. चेंडू पोटातून खेचायचा आणि त्या रिकाम्या जागेत फेकायचा. तो जागेवर थांबला, तर चेंडू पोटातच सोडून द्यायचा आणि धावणाऱ्यानं पळत सुटायचं. म्हणजे समोरचा जे करील ते चुकीचं. सगळे संघ ही खेळी खेळतात, यात सिग्नेटींचा शोध काही नाही. इंडियानाची नजाकत आहे ती त्या क्षणाच्या लांबीत. रूर्क चेंडू इतरांपेक्षा किंचित जास्त वेळ धरून ठेवतो. लाइनबॅकरला खरोखर चुकू देतो. घाईच्या हातात ही खेळी जुगार असते. त्याच्या हातात ती चौकशी होते.

दुसरी जागा सॅरटची. कडेच्या रेषेलगत तो पळतोय आणि राखणदार त्याच्या अंगाला चिकटून पळतोय. चेंडू पुढे फेकला तर राखणदार हात घालणार. म्हणून रूर्क मुद्दाम मागे फेकतो, सॅरटच्या रेषेकडच्या खांद्यामागे. चेंडू हातातून सुटतो तेव्हा सॅरटची पाठ असते. मग तो वळतो, आणि चेंडू तिथे असतो. राखणदार दोन पावलं पुढे निघून गेलेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, फेक चुकली आणि गड्यानं सावरून घेतलं. दहाव्यांदा तेच झालं तेव्हा मान खाली घातली. सॅरटनं त्या मोसमात ९५७ यार्ड कमावले. त्यातले कितीतरी असे पाठमोरे.

सुरुवातीचे सामने भराभर उलटू. फ्लोरिडा इंटरनॅशनलवर ३१-७. वेस्टर्न इलिनॉयवर ७७-३, त्यात रस घेण्यासारखं काही नाही. तो संघ खालच्या श्रेणीतला, आणि अशा सामन्यातून कळतं ते एवढंच की गुणफलक नीट चालतो. मग यूसीएलए, त्यांच्या घरी, पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये, ४२-१३. या मैदानाला इंडियानाच्या घराण्यात अर्थ आहे. १९६७च्या त्या नऊ विजयांच्या संघाला १९६८च्या पहिल्या दिवशी इथेच सदर्न कॅलिफोर्नियानं १४-३ असं हरवलं होतं. पुढे शार्लट, मेरीलँड, नॉर्थवेस्टर्न. सहा सामने, सहा विजय. मैदानाबाहेरच्या शेगड्या आता जरा लवकर विझू लागल्याची बातमी भाचीनं दिली.

मग नेब्रास्का, ५६-७, आणि त्याच सामन्यात रूर्कचा फेकीच्या हाताचा अंगठा दुखावला. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टन. त्या सकाळी टीव्हीवरचा सगळ्यात मोठा फुटबॉलचा कार्यक्रम थेट ब्लूमिंग्टनहून, आणि मुख्य नटच आजारी. उभा राहिला टेवेन जॅक्सन. पण त्या दिवशीचं नाटक पेललं पाँड्सनं. वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅकची फेक त्यानं मध्येच उचलली आणि ६७ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. त्या उडीआधीचं त्याचं उभं राहणं बघावं. तो मुद्दाम आळसावल्यासारखा दिसतो, दोन पावलं मागे, जणू समोरच्या गड्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. फेकणाऱ्याला जागा मोकळी वाटते. आमच्या वाड्यात विटीदांडू खेळताना एक बुटका असाच लांब उभा राहायचा, आणि विटी नेमकी त्याच्याच ओंजळीत. ३१-१७.

मिशिगन स्टेटविरुद्ध इंडियाना पहिल्यांदा मागे पडला. मोसमाचा नववा सामना, तोवर क्षणभरही नाही. ०-१०. मी पुढे सरसावून बसलो. म्हटलं, आता चेहरा हलेल. हलला नाही. त्यानंतरचे सगळे ४७ गुण इंडियानाचे.

आणि मग ९ नोव्हेंबरचा मिशिगनचा सामना. आपल्याकडे १० तारीख उजाडलेली, रात्रीचे दोन. पाहुणा आदल्या मोसमाचा राष्ट्रीय विजेता, आणि गंमत म्हणजे त्यांचाही मुख्य प्रशिक्षक त्या वर्षी नवाच. मध्यंतराला इंडियाना १७-३ असा पुढे. इथवर ओळखीचा राग. मग दुसऱ्या अर्ध्यात आक्रमण साफ रुतलं. ती पोटाशी धरलेली खेळी चालेना, कारण मिशिगनचे धिप्पाड गडी समोरची भिंतच मागे ढकलत होते. चौकशीला वेळ मिळेना. तीन प्रयत्न, पंट. पुन्हा तीन प्रयत्न, पुन्हा पंट. मिशिगन हळूहळू सरकत १७-१५वर आला आणि बरोबरीचे दोन गुण घ्यायचा त्यांचा प्रयत्न फसला. मग इंडियानाचा एक फील्ड गोल, २०-१५, आणि शेवटच्या मिनिटांत बचावानं धरून ठेवलेला किल्ला.

माझ्या लेखी हा मोसमातला सर्वांत सुंदर अर्धा भाग. हे विक्षिप्त वाटेल. त्यात एकही खेळी सुबक नाही. पण गायकाची खरी परीक्षा गळा लागलेला नसताना होते. तान फिरत नाही हे कळलं की सामान्य गायक आणखी मोठ्यानं तान मारतो. जाणता गायक ती सोडून देतो आणि बसतो समेवर. सिग्नेटींनी त्या रात्री हेच केलं. जे चालत नव्हतं त्याचा हट्ट धरला नाही, चेंडू उगाच धोक्यात घातला नाही, पंट मारत राहिले आणि सामना फिशर, कमारा यांच्या स्वाधीन केला. ज्याला परीकथा हवी होती त्याची निराशा झाली असणार. दहा सामने, दहा विजय. इंडियानाच्या इतिहासातला हा पहिला दुहेरी आकडा, आणि तो असा, दात-ओठ खाऊन लिहिलेला. आठवड्याभरात विद्यापीठानं सिग्नेटींशी नवा करार केला: आठ वर्षं, ७ कोटी २० लाख डॉलर. या आकड्याचा आपल्या फीशी संबंध जोडायचा नाही, असं भाचीनं मला बजावून ठेवलंय, म्हणून जोडत नाही.

ओहायो स्टेटच्या मैदानावर मात्र वहीत पहिली लाल ओळ पडली. पहिला टचडाउन इंडियानाचा होता, हे आता कोणाला आठवत नाही. मध्यंतराच्या अलीकडे पंटरच्या हातून मागून आलेला चेंडू निसटला, तोही आपल्याच गोलरेषेजवळ, आणि ओहायो स्टेटनं तिथून टचडाउन केला. मध्यंतरानंतर केलेब डाउन्सनं पंट झेलून ७९ यार्ड पळत आणखी एक. बघा, दोन्ही घाव पंटवर. जो पंट दोन आठवड्यांपूर्वी शहाणपणाची खूण होता, त्याच्यावरच. ३८-१५. टीकाकारांनी म्हटलं, बघा, सोप्या संघांवर चढलेले होते. टीका खोटी नव्हती. कार्यक्रमपत्रिका सौम्य होती खरीच. ओहायो स्टेटच्या दांडग्या पहिल्या रांगेपुढे रूर्कला तो किंचित जास्तीचा क्षण मिळत नव्हता, आणि तो क्षण काढून घेतला की या संघाच्या कलेतलं निम्मं जातं.

पुढच्या शनिवारी पर्ड्यू. घरगुती वैर. या सामन्याचं बक्षीस म्हणजे एक जुनी ओकची बादली, दक्षिण इंडियानातल्या एका शेतावरच्या विहिरीची. १९२५पासून जो जिंकेल तो आपल्या नावाच्या आद्याक्षराची ब्राँझची कडी तिच्या साखळीत अडकवतो, इंडियानाची 'आय', पर्ड्यूची 'पी'. पहिलाच सामना ०-० बरोबरीत सुटला, त्यामुळे साखळीची पहिली कडी दोन्ही अक्षरांची आहे. मला ही वस्तू फार आवडते. तलवार नाही, सोन्याचा पेला नाही. पाणी शेंदायची बादली. आधीची तिन्ही वर्षं पर्ड्यूच्या कड्या वाढत होत्या. या वेळी ६६-०. रूर्कचे सहा टचडाउन पास. बादलीसाठीच्या सामन्यांतला हा सगळ्यात मोठा फरक. दुसऱ्या दिवशी पर्ड्यूच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. इथे मला सिग्नेटी थोडे खटकतात. डिसेंबर २०२३ मध्ये आल्याआल्या बास्केटबॉलच्या सामन्यात माइक हातात घेऊन त्यांनी पर्ड्यूला शिवी हासडली होती. ती उधारी त्यांनी व्याजासकट वसूल केली. मुनीमजींचा हा गुण की दोष, मी ठरवू शकलेलो नाही.

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच बारा संघ होते. इंडियानाला दहावं मानांकन मिळालं आणि सलामीची लढत नोत्र दामशी, त्यांच्या मैदानावर. नोत्र दाम साउथ बेंडचं; एकाच राज्यातले हे दोन संघ १९९१पासून समोरासमोर आलेले नव्हते. आपल्याकडे २१ डिसेंबरची सकाळ, साडेसहा, पहिला चहा. रूर्कची फेक नोत्र दामच्या गोलरेषेजवळ पकडली गेली, आणि जेरमाया लव्हनं तिथून एका दमात ९८ यार्ड पळून टचडाउन केला. माझा चहा निवला. पुढचं सगळं त्या एका धावेची टीप. चौथ्या क्वार्टरमध्ये १७ गुणांनी मागे असताना सिग्नेटींनी पंट मारला आणि त्यावरून त्यांना खूप बोलणी बसली. बोलणाऱ्यांचं बरोबर होतं. मिशिगनच्या रात्री जे शहाणपण होतं ती इथे सवय झाली होती. हिशेब चोख ठेवणाऱ्याची हीच अडचण. दिवाळं निघालेलं असतानाही तो चार आणे वाचवतो.

सामना हातातून गेल्यावर, शेवटच्या दीड मिनिटात, इंडियानानं दोन टचडाउन केले. २७-१७. समालोचकांनी ते उल्लेखापुरते उल्लेखले. पण हा माणूस वर्षभर पोरांना सांगत आला होता की प्रत्येक खेळी शून्य-शून्य असल्यासारखी खेळा, आणि पोरं ते ऐकत होती. दिवे मालवायची वेळ झाली तरी शेवटच्या दोन नोंदी नीट लिहून, खाली रेघ मारून मगच वही मिटली. अकरा विजय, दोन पराभव. ओहायो स्टेट आणि नोत्र दाम हे दोन्ही विजेते पुढे जानेवारीत राष्ट्रीय अंतिम सामन्यात एकमेकांसमोर उभे होते. म्हणजे त्या वर्षी इंडियानाला हरवलं ते फक्त त्या दोघांनी.

इथवर लिहून लेख संपायला हवा होता. पण जानेवारी २०२५ मध्ये एक बातमी आली आणि माझं सगळं वाचनच हललं. रूर्कच्या गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, एसीएल म्हणतात तो, ऑगस्टपासून फाटलेला होता. मोसम सुरू व्हायच्या आधीपासून. तो तसाच खेळला; २९ टचडाउन पास, समोरच्यांनी पकडलेल्या फेकी पाच, आणि शस्त्रक्रिया मोसम संपल्यावर.

मी पुन्हा चित्रफिती काढून बसलो. ज्याला मी नजाकत म्हणत होतो, तो पोटाशी चेंडू धरून थांबण्याचा किंचित जास्तीचा क्षण. पळायची भीती होती का त्यात? पळता येत नाही म्हणून चेंडू आधी डोळ्यांनी पळवायचा, असं होतं का? सॅरटच्या खांद्यामागच्या त्या फेकी, ज्यांत फेकणाऱ्याला जागचं हलावं लागत नाही. ओहायो स्टेटच्या गड्यांनी घेरल्यावर त्याचं तसंच उभं राहणं. तेव्हा मी त्याला मनात दोष दिला होता. आता फेकून झाल्यावर तो पाय टेकताना जरा जपतोय असं दिसतं, की मलाच दिसायला लागलंय, कोण जाणे. संघातल्या मोजक्यांना हे माहीत असणार, आणि कडेला उभ्या असलेल्या त्या आंबट चेहऱ्याला तर नक्कीच. पाच महिने तो चेहरा काहीच कसा बोलला नाही, याचं मला आधी हसू येत होतं.

भाचीला फोन केला. तिच्याकडे सकाळ होती, बाहेर बर्फ.

"मग आता सगळा मोसम परत बघणार का, मामा?"

"बघायलाच हवा. यूसीएलएपासून सुरू करतो."

"आणि वेस्टर्न इलिनॉय?"

"ते ७७-३? ते नको."

"मी ते आत जाऊन बघितलं होतं हं," ती म्हणाली. "पूर्ण."